शिनोळी ते बेळगाव, व्हाया दिल्ली

कर्नाटकातल्या बेळगावहून महाराष्ट्रातलं शिनोळी गाठायला अर्धा तास पुष्कळ झाला. चंदगड तालुक्यातली भाजी, दूध, काजू सकाळी बेळगावच्या बाजारात येतात आणि संध्याकाळी बेळगावचा किराणा नि कपडालत्ता चंदगडकडे जातो. लग्नाचा बस्ता बेळगावात, मोठा दवाखाना बेळगावात. पोरीही अशाच इकडून तिकडे दिल्या-घेतल्या जातात. कंग्राळीची मुलगी तुडयेला, कोवाडची उचगावला. स्थळ बघताना पदर लागतो का, शेत किती, मुलगा काय करतो, हे विचारतात. राज्य कुठलं, हे कुणी विचारत नाही.

ते विचारलं जातं संसार मोडल्यावर, आणि विचारणारं असतं कोर्ट.

समजा, बेळगाव तालुक्यातली, कंग्राळीची मुलगी चंदगडला दिली. पाच-सहा वर्षांनी बिनसलं, लेकराला घेऊन ती माहेरी आली. नवऱ्याने गडहिंग्लजच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला. आता दर तारखेला कडेवर मूल घेऊन तिने गडहिंग्लज गाठायचं. ही केस बेळगावला आणता येते का? येते. पण एका राज्यातली केस दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात हलवायचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ ने फक्त सर्वोच्च न्यायालयाला दिला आहे. म्हणजे दिल्ली. आता दुसरी मुलगी घ्या, खानापूरची, अथणीला दिलेली. दोन्ही गावांत दीडशे किलोमीटरच्या वर अंतर. पण अथणी कर्नाटकात आणि खानापूरही कर्नाटकात, त्यामुळे तिचा अर्ज धारवाडच्या खंडपीठात चालतो. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत. दीडशे किलोमीटरवाली धारवाडला आणि पंधरा किलोमीटरवाली दिल्लीला, असा हा हिशेब आहे.

मी वकील नाही. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. जुन्या विद्यार्थिनी कागद घेऊन येतात, "बाई, ह्यात काय लिहिलंय कळूना झालंय" म्हणतात, आणि त्यांच्याबरोबर चन्नम्मा चौकातल्या कोर्टाच्या आवारात बसून बसून मला जे कळलं ते लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच की घटस्फोट, मुलांचा ताबा आणि खावटी यांसाठी फुकट वकील मिळण्याचा हक्क आमच्या बायकांना कागदावर पूर्ण आहे, पण सीमाभागात तो दोन ठिकाणी अडतो. एकदा राज्याच्या हद्दीवर आणि एकदा भाषेवर. मराठीसाठी इतकी वर्षं भांडणाऱ्या आम्ही लोकांनी या दुसऱ्या ठिकाणाकडे कधी वळूनही पाहिलेलं नाही.

आधी हद्दीचं बोलू. सर्वोच्च न्यायालय अशा अर्जांत बहुतेक वेळा बाईची गैरसोय बघतं, हे खरं. पण तिथे अर्ज पोचायला हवा ना. त्या न्यायालयात कुणीही वकील अर्ज दाखल करू शकत नाही, तिथल्या नोंदणीकृत वकिलामार्फतच तो जावा लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सांगितलं होतं की केस हलवण्याचे असे तीनेक हजार वैवाहिक अर्ज पडून आहेत आणि यापुढे प्रत्येक खंडपीठ रोज असे दहा अर्ज ऐकेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं, तेव्हा इकडेही पुष्कळांना आनंद झाला. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गाच्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा वाचला, चांगलंच झालं. पण आमच्या कंग्राळीच्या पोरीला त्याचा उपयोग शून्य. कोल्हापूरचं बेंच फार तर तिची केस गडहिंग्लजहून कोल्हापूरला हलवील, बेळगावला नाही.

व्हिडिओवर हजेरी लावली तर? २०१७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने तसं सुचवलं होतं, केस हलवण्याऐवजी व्हिडिओवर ऐका म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरात तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी ते खोडलं. समेटाचे प्रयत्न संपल्यावर आणि दोघांची तयारी असेल तरच व्हिडिओ, असं ठरलं. त्यामागचं कारण मला पटतं. नवरा समोर असताना बाई जे बोलते आणि पडद्यावर जे बोलते त्यात फरक पडतो, आणि घरगुती गोष्ट चार भिंतींच्या आत राहावी हेही बरोबर. पण तीच बाई शेवटी पैसे नाहीत म्हणून तारखेला गेलीच नाही, तर एकतर्फी निकाल लागतो. मग त्या चार भिंतींचा तिला काय उपयोग? बेळगाव कोर्टाच्या खोलीत बसून गडहिंग्लजच्या न्यायाधीशांसमोर साक्ष द्यायची सोय सीमेवरच्या तालुक्यांपुरती तरी, बाईने मागितली तर, मिळायला हरकत नसावी.

खरं तर कायद्याने बऱ्याच गोष्टी बाईच्या दारात आणून ठेवल्यात. २००३ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला स्वतः दावा लावता येतो. खावटीचा अर्ज, म्हणजे पूर्वीचं कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, तोही माहेरच्या गावी चालतो. घरगुती हिंसाचाराची तक्रार, बाई तात्पुरती जरी राहत असेल तरी, तिथे करता येते. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मूल जिथे राहतं तिथे. आणि बेळगावच्या मॅजिस्ट्रेटने दिलेला खावटीचा आदेश नवरा असेल तिथे, कोल्हापुरात काय की गोव्यात काय, अमलात आणता येतो. एवढं सगळं आहे. पण हे तिला कळतं केव्हा? गडहिंग्लजची नोटीस हातात पडल्यावर. नवऱ्याकडच्यांना वकील आधी सांगतो, "पहिल्यांदा आपण लावू." ती तोवर काकांना बोलावून, मामांना बोलावून, परत नांदायला न्यायची वाट बघत बसलेली असते.

तारखेला जाण्याच्या खर्चाचंही एक गंमतीदार गणित आहे. २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये इथल्या बायकांना तिकीट नाही. बेळगावच्या कोर्टात ती फुकट येते. सीमा ओलांडून गडहिंग्लजला जायचं तर खिशात हात. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे म्हणा. दोन्ही सरकारं बाईला घरून निघायला मदत करतात, फक्त दोन्ही राज्यं मिळून असा एकही रस्ता नाही ज्यावर ती मदत पुरी पडते.

आता फुकट वकिलाचं. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आलं, गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये म्हणून. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये कुणाकुणाला मोफत वकील मिळेल त्याची यादी आहे. त्यात एक नोंद आहे, स्त्री किंवा मूल. बस, एवढीच. गरीब स्त्री असं म्हटलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाचा रंग, वडलांचा सातबारा की इकडचा उतारा, काही नाही. पुरुषाला उत्पन्नाची अट आहे (तो अनुसूचित जाती-जमातीचा, अपंग वगैरे नसेल तर), बाईला नाही. ही गोष्ट मी गेल्या काही वर्षांत जितक्या जणींना सांगितली त्यांतल्या बहुतेकींनी पहिल्यांदाच ऐकली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्याही होत्या त्यांत. जिल्हा कोर्टाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, आणि १५१०० हा फोन आहे. दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाचीही अशीच विधी सेवा समिती आहे आणि तिच्याकडचा अर्ज बेळगावच्या ऑफिसातून पाठवता येतो. म्हणजे कंग्राळीच्या पोरीला दिल्लीला जावंच लागत नाही. हे तिला सांगणारं कुणी नाही, एवढीच अडचण.

मग बायका काय करतात? स्त्रीशक्ती संघातून, म्हणजे बचत गटातून, कर्ज काढतात आणि खासगी वकील लावतात. कारण फुकटचा वकील म्हणजे सरकारी दवाखान्यातली पांढरी गोळी, अशी समजूत घरोघरी पक्की आहे. ती सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाला एका केसमागे मिळणारं मानधन तुटपुंजं असतं आणि तेही वेळेवर येत नाही. मग तो आपल्या पैसे देणाऱ्या पक्षकारांच्या तारखा आधी बघतो, यात त्याला तरी किती दोष द्यायचा? पण एका केसमध्ये मी स्वतः पाहिलं, पॅनेलवरच्या वकिलाने दर तारखेला "टायपिंगचे, झेरॉक्सचे, क्लार्कचे" म्हणून पैसे मागितले. चारशे, पाचशे. पोरगी देत राहिली, कारण दिले नाहीत तर वकील रागावेल ही भीती. नियम स्पष्ट आहे, पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही. कोर्ट फी, समन्सचा खर्च, साक्षीदाराचा खर्च, सगळं प्राधिकरणाकडे. शेवटी तिने लेखी तक्रार दिली आणि वकील बदलून मिळाला. पण तक्रार लिहायला सांगायला माझ्यासारखी एक रिकामटेकडी बाई लागली.

आणि एक, जे वकीलही फारसे बोलून दाखवत नाहीत. घटस्फोटाचा दावा नवऱ्याने लावला असेल आणि बाईला कमाई नसेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केसचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो, अंतरिम खावटीबरोबरच. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्याचा निकाल द्यावा असं तिथेच लिहिलंय. प्रत्यक्षात साठ दिवसांत नवऱ्याचा वकील दोनदा मुदत मागतो. २०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोघांनीही मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यायलाच हवं असं सांगितलं आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही ठरवलं. उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा वडगावच्या मागावर रोखीत पगार घेणारा नवरा "मला महिन्याला सहा हजारच मिळतात" म्हणतो, तेव्हा त्या शपथपत्राला कसं टोचायचं हे वकिलाला माहीत असावं लागतं.

सैनिकाच्या बायकोचं मात्र जरा वेगळं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आणि आमच्या गावोगावी फौजी, त्यामुळे हे सांगायलाच हवं. १९५० च्या सेना कायद्यात बायको-मुलांच्या पालनपोषणासाठी जवानाच्या पगारातून पैसे कापण्याची तरतूद आहे. त्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही, त्याच्या युनिटकडे अर्ज करता येतो. गावात मात्र "फौजी आहे, त्याच्याविरुद्ध काय चालणार" असंच ऐकायला मिळतं.

आता भाषेकडे येते. खरं दुखणं इथे आहे.

कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा कन्नड, जोडीला इंग्रजी. यात चूक काही नाही. राज्याच्या कोर्टाची भाषा राज्याची असणार. बेळगावचे बरेच वकील उत्तम मराठी बोलतात, कन्नडभाषक वकीलही. पण बोलणं वेगळं आणि कागद वेगळा. हल्ली दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे आपल्याच बाजूची पहिली साक्ष, शपथपत्रावर होते. बाई वकिलाला मराठीत सगळं सांगते, वकील ते इंग्रजीत लिहितो, ती खाली मराठीत सही करते. काय लिहिलं ते तिला माहीत नसतं. मग उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, "तुम्ही परिच्छेद सातमध्ये असं म्हटलंय, खरं ना?" ती गोंधळते. आपण असं म्हटलं होतं का, हेच तिला आठवत नसतं, कारण तिने ते तसं म्हटलेलंच नसतं.

उदाहरण देते. आमच्याकडची बाई "मी माहेरी आले" म्हणते. तिला घरातून हाकललं असलं, भर पावसात लेकरासकट रस्त्यावर काढलं असलं, तरी ती "आले" म्हणते. "हाकललं" म्हणायला लाज वाटते. ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्या "आले"च्या मागचं सगळं कळतं. ते इंग्रजीत किंवा कन्नडात गेलं की उरतं एवढंच, स्वतःहून घर सोडलं. आणि खावटीच्या कायद्यात नेमकं हेच बघतात. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याबरोबर राहायला नकार देणारीला खावटी मिळत नाही. एका "आले" या शब्दावर दोन-तीन वर्षांची खावटी जाताना मी पाहिली आहे. वरच्या कोर्टात गेल्यावर ती मिळाली, पण तोवर पोराची शाळा बदलली होती.

यावर कायद्यात उपाय नाही असं नाही. साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून वेगळ्या भाषेत ती लिहून घेतली आणि साक्षीदाराला ती लिहिलेली भाषा समजत नसेल, तर लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ६ मध्येच आहे. आणि मोफत विधी सेवेत काय काय येतं त्याच्या यादीत वकिलाबरोबर कागदपत्रांचा अनुवादही येतो. पुन्हा लिहिते, अनुवादही येतो. म्हणजे प्राधिकरणाकडून वकील घेणारी मराठी बाई आपल्या शपथपत्राची मराठी प्रत मागू शकते, आणि ती तिला फुकट मिळायला हवी. ही मागणी कुणी केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता संगणकाच्या मदतीने मराठीत आणि कन्नडात येऊ लागलेत. दिल्लीचा निकाल मराठीत वाचता येतो आणि स्वतःच्या नावाने दिलेलं बेळगावचं शपथपत्र नाही. कोर्टाच्या ॲपवर आपल्या केसचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख कळते, ही सोय मोठी आहे. तारखेला काय झालं तेही तिथे दिसतं, अर्थात इंग्रजीत.

हे सगळं नको म्हणून गाव एक तिसरी वाट काढतं, आणि ती सगळ्यांत महाग पडते. पंच बसतात. मंदिरात किंवा कुणाच्या तरी पडवीत. दोन्हीकडचे पाव्हणे, गल्लीतले चार वजनदार लोक, कधी आजी-माजी सदस्य. शंभरच्या बाँडावर मजकूर लिहितात, उभयता राजीखुशीने वेगळे होत आहेत, यापुढे एकमेकांवर हक्क नाही, मुलीच्या नावे एकरकमी इतके रुपये. नोटरीचा शिक्का मारतात. मराठीत असतो हा कागद, त्यामुळे सगळ्यांना कळतो, हा त्याचा एकमेव गुण. नवरा दुसरं लग्न करायला मोकळा झालो असं समजतो. बाई समजते, सुटले.

कुणीच सुटलेलं नसतं. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला मोकळीक आहे, पण आपल्या जातीत, आपल्या भागात अशी जुनी, अखंड चालत आलेली रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि पंचांनी परवा काढलेला बाँड म्हणजे रूढी नव्हे. मग त्या बाईने दुसरं लग्न केलं तर ते कायद्याने रद्दबातल. मुलं औरस ठरतात एवढं तरी बरं. आणि लग्न केलं नाही, पुढे हाल सुरू झाले म्हणून खावटी मागायला गेली, तर नवऱ्याचा वकील तोच बाँड काढून दाखवतो. खावटीच्या कलमात असंही आहे की दोघं परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला खावटी नाही. राजीखुशीने, असं तिने स्वतः सही करून दिलेलं. म्हणजे त्या कागदाने लग्न मोडत नाही, पण खावटी मोडू शकते. मुलाची खावटी आईला बाँडावर सोडून देता येत नाही, ती मुलाची असते. पण पंचांना हे कोण सांगणार? मी एकदा सांगायला गेले होते. "बाई, तुम्ही शाळेतलं बघा" म्हणाले.

संमतीनेच वेगळं व्हायचं असेल तर त्याचा रस्ता कायद्यात आहे, १९७६ पासून, कलम १३-ब. सहा महिने थांबायची अट असते, पण दोघांचं सगळं आधीच मिटलेलं असेल तर कोर्ट ती माफ करू शकतं, हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. फुकट वकील त्यालाही मिळतो. पंचांनी बसून खावटी किती, पोराला बाप कधी भेटणार, सोनं कुणाकडे, हे जरूर ठरवावं. गावाला ते जमतंही चांगलं. फक्त शेवटचा कागद बाँडाऐवजी कोर्टात न्यावा.

मुलाच्या ताब्याबद्दल फार लिहीत नाही, त्यात प्रत्येक घराची गोष्ट वेगळी. तो शब्दच मला खुपतो. शेताचा ताबा, घराचा ताबा आणि पोराचाही ताबाच. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या कायद्यात आहे, आणि त्यापुढे मुलाचं हित बघतात, आईबापाचा हक्क नव्हे. सीमेवर त्यात एक भर पडते. आई बेळगावात आणि बाप गारगोटीला असेल तर पोराची शाळा मराठी माध्यमाची की कन्नड, हाही प्रश्न कोर्टात येऊन पडतो. बाप म्हणतो, तिकडे कन्नड शिकवतात, माझ्या पोराचं नुकसान. मला त्या बापाची कीवही येते आणि रागही. खावटीचे पैसे पाठवायचे नाहीत आणि शाळेच्या भाषेची काळजी करायची. खावटी थकली तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो, नाहीतर त्यापूर्वीची थकबाकी त्या अर्जात वसूल होत नाही, हे मात्र प्रत्येकीने कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

आता मला माहीत आहे, यावर दोन बाजूंनी बोललं जाईल. एक म्हणतील, इतकी वर्षं इथे राहता तर कन्नड शिका. शिकाच, मी माझ्या विद्यार्थिनींना सांगत आले. बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये आमच्या बायका कन्नड बोलतातही. पण शपथपत्र वाचण्याइतकं इंग्रजी किंवा कोर्टाचं कन्नड शिकायला गडहिंग्लजची नोटीस आल्यानंतर वेळ नसतो. आणि ही अडचण एकट्या मराठीची नाही. जत आणि अक्कलकोटच्या कोर्टात कन्नड घरातली बाई मराठी कागदावर अशीच सही करते. तिथल्या कन्नड बाईला कन्नड प्रत आणि इथल्या मराठी बाईला मराठी प्रत, असं दोन्हीकडे एकदम झालं तर कुणाला नाक मुरडायला जागा उरणार नाही.

दुसरे आपलेच लोक म्हणतील, हा सीमाप्रश्नापुढे बारका विषय आहे. १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून सायकल फेरीत मीही गेले आहे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहिली आहेत. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी म्हणून आम्ही मोर्चे काढले, पालिकेची कागदपत्रं मराठीत द्या म्हणून निवेदनं दिली. आमच्याच लेकीबाळींच्या शपथपत्रात मराठी हवी म्हणून एक निवेदन कुणी दिलं नाही. का नाही दिलं? मला वाटतं, कारण तिथे भांडण सरकारशी नसतं, घरातल्याशी असतं. नवराही आपला, सासराही आपला, पंचही आपलेच.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. ज्या सरकारला सीमेपलीकडच्या माणसाचा दवाखान्याचा खर्च उचलता येतो, त्याला दहा-वीस मराठी अनुवादक तयार करून बेळगाव, खानापूर, निपाणीत बसवता येणार नाहीत? त्यासाठी कर्नाटकाशी भांडायची गरज नाही. बेळगाव आणि कोल्हापूरच्या विधी सेवा प्राधिकरणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, इकडची बाई आणि तिकडचा दावा असलेल्या केसेस बघाव्यात, दिल्लीचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. बेळगावच्या ऑफिसबाहेर पॅनेलवरच्या वकिलांच्या नावापुढे तो कुठल्या भाषा वाचतो हे लिहिलेली पाटी लावावी. याला कुठला नवा कायदा नको. कर्नाटकात तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात आणि गावोगावच्या अंगणवाड्या त्यांच्याच हाताखाली आहेत. मराठी गावातल्या अंगणवाडीत मराठीत लिहिलेला एक फॉर्म आणि १५१०० हा नंबर चिकटवायला किती खर्च येईल? बेळगावात लॉ कॉलेज आहे, तिथली मराठी मुलं-मुली सुट्टीत एका आठवड्यात खावटीच्या अर्जाचा मराठी नमुना करून देतील.

राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की कुठल्याही नागरिकाला गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. त्या कलमाचा आधार घेऊन गेल्या महिन्यात आम्ही तिघींनी एका मुलीच्या केससाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे मराठीत अर्ज लिहिला. वकिलाबरोबर शपथपत्राची मराठी प्रतही द्यावी, एवढीच मागणी. काउंटरवरच्या माणसाने आधी अर्ज उलटसुलट करून पाहिला, मग आतल्या साहेबांना दाखवला, मग परत आणून "कन्नडात लिहून आणा" म्हणाला. मी कलमाचा आकडा सांगितला. तो पुन्हा आत गेला. पंधरा-वीस मिनिटांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. पोच कन्नडात होती. बाहेर झाडाखाली बसून मी ती मुलीला वाचून दाखवली, आणि तिने मागच्या बाजूला मराठीत तारीख लिहून ठेवली.